प्लिम्सॉल, बॉयकॉट आणि दाते

३ मार्च १९६९, सोम.

प्लिम्सॉल हा माणूस होता. चक्क माणूस. आडनाव होतं त्याचं.

सोळा वर्षं सरकारी सर्व्हेअर म्हणून जहाजांच्या कुशीवरचा तो गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ बघतोय, रोज रिपोर्टात 'प्लिम्सॉल मार्क' लिहितोय, आणि आजवर समजत होतो की प्लिम्सॉल हे एखादं बंदर असेल, फार तर रंगाची कंपनी. आज इथे कलकत्त्यात कॉलेज स्ट्रीटवर शब्दांच्या जन्मकथांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं (पुठ्ठा नाही, पहिली आठ पानं नाहीत, बाकी ठणठणीत). परतताना ट्राममध्ये उघडलं तर समोर हाच. विलायतेतला पार्लमेंटचा मेंबर. तिकडे मालक लोक जहाजं गळ्यापर्यंत भरून पाठवत. बुडालं तर विमा होताच, खलाशी गेले तर गेले. हा गृहस्थ त्यावर इतका भांडला, इतका ओरडला, की शेवटी कायदा झाला: प्रत्येक जहाजावर रेघ मारायची, आणि ती रेघ पाण्याखाली जाईल एवढा माल भरायचा नाही. म्हणून रेघेला त्याचं नाव.

वाचता वाचता बेहाल्याचा माझा स्टॉप मागे गेला. दोन स्टॉप चालत परत आलो. सौ.ला दारातच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता बूट काढा."

५ मार्च, बुध.

पुस्तक सुटत नाही. डायरीच्या शेवटच्या पानांवर यादी सुरू केली आहे.

डेरिक! रोज डोक्यावर फिरतात ते, जहाजावरचे माल उचलायचे डेरिक. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनचा फाशी देणारा, त्याचं आडनाव. आधी फासाच्या खांबाला डेरिक म्हणायला लागले, मग तशाच दिसणाऱ्या यारीला. माणसं लटकवणारा आता आमच्या खिदिरपूर डॉकला तागाच्या गाठी उचलतोय.

डिझेल: इंजिन शोधणारा. स्वतः एका जहाजावरून रात्रीत नाहीसा झाला, समुद्रात. मॅकिंटॉश: रेनकोट. मूळ माणसाच्या नावात 'के' नव्हता, लोकांनी फुकट घातला. सिलुएट, म्हणजे नुसती काळी छायाकृती: फ्रान्सचा खजिनदार मंत्री. गिलोटीन, म्हणजे मान उडवायचं यंत्र: डॉक्टर. हा यादीत घालताना हात जरा थबकला.

ऑफिसात हेडक्लार्क सान्यालबाबूंना ऐकवलं. सान्यालबाबू म्हणजे वय छप्पन, धोतर, नाकाला तपकीर, इंग्रजी माझ्याहून चांगलं. म्हणाले, "आर शँडविच?" म्हणजे 'आणि सँडविच?' मी म्हटलं, सँडविच बाद. तो उमराव सँडविच गावचा, त्याचं स्वतःचं आडनाव वेगळंच होतं. गावाची नावं चालणार नाहीत, आडनाव पाहिजे. कार्डिगनही त्याच कारणाने बाद. सान्यालबाबूंना राग आला. सँडविचसारखा मोठा माणूस मी नियमावर बोट ठेवून घालवला म्हणाले.

११ मार्च, मंगळ.

सान्यालबाबू आज टेबलावर कागद ठेवून उभे. "दाते शाहेब, आपल्या नावाचा शब्द तर जन्मतःच आहे."

टोमणा जुना आहे. दाते हे इंग्रजीत लिहिलं की 'डेट' होतं, त्याला मी काय करू? तीन वर्षांपूर्वी इथे बदलून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एका फाइलवर लिहिलं, 'पुट अप टु दाते', म्हणजे दात्यांपुढे ठेवा. टायपिस्टने वाचलं, 'अप टु डेट करा'. फाइल अकरा दिवस अप टु डेट होत होती. मी तिची वाट बघत बसलो होतो.

पण तो काही आडनावाचा शब्द झाला नाही. शब्द आधीचा, मी नंतरचा. सान्यालबाबूंना हे समजावताना चहा गार झाला.

१६ मार्च, रवि.

सकाळभर सौ.ला छळलं: मराठीत आडनावाचा झालेला एक शब्द सांग. ती वाटाणे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "आपल्याकडे उलटं आहे. तांबे, लोखंडे, पितळे, साखरे. वस्तूंची आडनावं झालीत."

मी उडालोच. खरंच की. कोल्हे, लांडगे, कावळे, ढेकणे. तिकडे माणसाची वस्तू होते, आपल्याकडे वस्तूचा माणूस. सबंध महाराष्ट्रात असा एक माणूस नसावा की ज्याच्या आडनावाला लोक 'एक द्या', 'दोन द्या' म्हणतील? अठरा वर्षांच्या संसारात सौ.चं एखादं वाक्य लिहून घ्यायला मी कधी असा धावलो नव्हतो. तिने ते पाहिलं आणि एक वाटाणा माझ्या दिशेने उडवला.

२९ मार्च, शनि.

आज बॉयकॉट. हा तर सगळ्यांचा बाप. आयर्लंडमध्ये एका जमीनदाराचा कारभारी, कॅप्टन बॉयकॉट. कुळांवर सक्ती केली. गावाने ठरवलं, याच्याशी बोलायचं नाही. दुकानदार माल देईना, गडी शेतात येईनात, कपडे धुणारी फिरकेना. बस्स. थोड्या महिन्यांत त्याचं आडनाव सगळ्या वर्तमानपत्रांत क्रियापद होऊन फिरायला लागलं. तो जिवंत असताना.

सान्यालबाबू ऐकून खूश. "तुमच्या बॉयकॉटला आमच्या बंगालचा जबाब, घेराओ. तोही आता इंग्लिश झाला." खरं आहे. इंग्रजी पेपर आता घेरावचं भाषांतर करत नाहीत. गेल्या महिन्यात शेजारच्या कंपनीच्या मॅनेजरला सहा तास खुर्चीतून उठू दिलं नाही.

पण डोक्यात वेगळंच घोळतंय. प्लिम्सॉल आणि बॉयकॉट, दोघंही मेले, दोघंही शब्द झाले. एकाचं नाव घेतलं की माणसं वाचतात. दुसऱ्याचं घेतलं की माणूस वाळीत पडतो. स्वतः निवडायचं असतं तर गोष्ट निराळी. निवडतात इतर लोक.

७ एप्रिल, सोम.

मोठा दिवस.

जेवताना वैजू म्हणाली, "बाबा, पाणी नोना लागतंय." नोना म्हणजे खारट. पोरगी बाराव्या वर्षापासून इथल्या शाळेत, तीन वर्षांत मराठीचं खोबरं झालंय. बंगाल्यांसारखी चहा 'खाते', औषध 'खाते', पाणीही 'खाते'. मी नेहमीप्रमाणे "पाणी खारट लागतंय म्हण" असं दुरुस्त केलं, आणि मग घास हातातच राहिला.

नळाचं पाणी नदीचं, तेही शहराच्या पुष्कळ वरच्या अंगाला उचललेलं. उन्हाळ्यात वरून नदी आटते, खालून समुद्राचं पाणी चढतं. नळाला जर मीठ लागतंय, तर आमच्या डॉकच्या पाण्यात किती असेल?

सौ. म्हणाली, "महिनाभर सांगतेय, आमटीत मीठ निम्मं घालते. तेव्हा ऐकू आलं नाही. लेक म्हणाली तर डोळे मोठे."

वैजूला पाटावर रेघ मारून समजावलं. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं, समुद्रात गेलं की वर येतं. म्हणून गोड्या पाण्यासाठी गोलाशेजारी एक वरची रेघ असते, तिथपर्यंत भरायला परवानगी. आम्ही सगळे वर्षानुवर्षं 'डॉक म्हणजे गोडं पाणी' धरून चालतो. मीही. तीन उन्हाळे मीही. पण पाणी खारट असेल तर वरच्या रेघेपर्यंत भरलेलं जहाज समुद्रात पुरेसं वर येणारच नाही. म्हणजे जास्त भरलेलं. म्हणजे प्लिम्सॉल ज्यासाठी भांडला ते सगळं एका नोनामुळे पाण्यात.

वैजू म्हणाली, "मग तू चुकलास?" मी म्हटलं, हो.

८ एप्रिल, मंगळ.

पत्र्याची बादली आणि दोरी स्टोअरमधून घेतली. हायड्रोमीटर कपाटात होता, वर्षाची धूळ. (काचेची नळी. पाण्यात सोडली की तरंगते, पाणी जितकं खारं तितकी वर.) जहाजाच्या पुढे, मधे, मागे, दोन्ही अंगांनी, सहा बादल्या. वरवरचं पाणी नाही, दोरी खोल सोडून.

खारं निघालं. फार नाही. पण गोडं नाही.

आज मी इतका खूश होतो की हमालांचा सरदार रामधनी याने विचारलं, "साहब, घर में लड़का हुआ का?"

१७ एप्रिल, गुरु.

आठ दिवसांत चार जहाजं, रोज सहा बादल्या. दोन जहाजांना शेवटचा माल घेऊ दिला नाही. कुरकुर झाली, पण झालं.

आणि आज. ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो. धक्क्यावरून येत होतो, रामधनीची पाठ माझ्याकडे होती. तो वरच्या माणसांना ओरडून सांगत होता, "अभी मत भरो, रुको. आज जहाज का दाते होगा."

जहाज का. दाते. होगा.

मी पुढे जाऊन विचारलं, क्या होगा? रामधनीने जीभ चावली. "कुछ नहीं साहब."

सौ.ला सांगताना माझा आवाज चिरकला. ती म्हणाली, "तुमची थट्टा करतात ती माणसं." करोत. थट्टा असो नाहीतर काही असो. क्रियापद आहे ते. 'होणे' लावून चालतं.

२१ एप्रिल, सोम.

सान्यालबाबूंना खोदून विचारलं. आधी म्हणाले, बंगालीत 'दाँते' म्हणजे दातांत, कोणी दातदुखीचं बोलत असेल. मी म्हटलं, जहाजाला दात नसतात. मग त्यांनी तपकीर ओढली, दार लावलं आणि हळूच म्हणाले, "आपका नाम तो वर्ब हो गिया, दाते शाहेब. पूरा डॉक में."

अर्थ काय? "वो हम नहीं बोलेगा. आप दुख पाएगा."

२६ एप्रिल, शनि.

स्वतःच शोधलं. आतापर्यंतचे अर्थ:

रामधनीच्या लोकांत, थांबणे. साहेब बघेपर्यंत हात न चालवणे.

कँटीनमध्ये, बारीक नजरेने निरखणे. आज एक कारकून माशाचा तुकडा काटे बघत उलटसुलट करत होता. दुसरा म्हणाला, "की रे, माछटाके दाते कोरछिश?" काय रे, माशाचं दाते करतोस? मी मागच्याच टेबलावर. हसू दाबताना मला ठसका लागला आणि सगळे वळले.

तिसरा अर्थ जहाज कंपन्यांच्या एजंटांच्या ऑफिसात. तिथला लाहिरी, गोरा, इस्त्रीचा, इंग्रजी शाळेतला, फोनवर कोणाला तरी सांगत होता: "सॉरी, वी हॅव बीन दातेड." मला बघून फोन ठेवला. म्हणजे खोळंबा होणे. विनाकारण, एका मूर्खापायी खोळंबा होणे.

ट्राममध्ये उभ्याने विचार करत आलो. नवा शब्द असा लवलवता असतो, ज्याच्या हातात जाईल त्याच्यासारखा होतो. बॉयकॉटला पहिल्या महिन्यात असंच वाटलं असेल का? हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मला प्लिम्सॉल व्हायचंय, हे इथे लिहून ठेवतो. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

९ मे, शुक्र.

ज्याची भीती होती ते आलं.

लाहिरीच्या एजन्सीचं जहाज, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि ताग, उद्या दुपारच्या भरतीला निघायचं. नदीतल्या वाळूच्या बांधांवरून मोठी जहाजं मोठ्या भरतीलाच पार होतात. ही चुकली तर पुढचे किती दिवस, देव जाणे. मी गेलो तेव्हा वरची, गोड्या पाण्याची रेघ बरोबर पाण्याला टेकलेली. लाहिरी हसत उभा. "परफेक्ट, नो?"

सहा बादल्या काढल्या. मग पुन्हा सहा. या पाण्याच्या हिशेबाने जहाज सव्वा इंच जास्त बुडालेलं.

लाहिरी म्हणाला, "सव्वा इंच? मिस्टर डेट, एवढी तर लाट असते."

मी म्हटलं, सव्वा इंच म्हणजे पन्नासेक टन. काढा.

आधी हसला, मग समजावलं, मग आवाज चढवला. मग साहेबांना फोन. आमचे साहेब मद्रासकडचे, शांत माणूस. मला फोनवर बोलावून म्हणाले, "दाते, बी रीझनेबल. डॉकचं पाणी आपण नेहमी गोडं धरतो." मी म्हटलं, सर, आपण माझ्या घरी एक ग्लास पाणी प्यायला या. त्यांनी फोन ठेवला.

सही केली नाही. माझ्या सहीशिवाय जहाज सुटत नाही.

१० मे, शनि.

सकाळी पुन्हा गेलो, उगाच. सरदाराची माणसं लोखंड परत बाहेर काढत होती, डेरिक करकरत होते. कोणी माझ्याकडे बघेना.

शिडीपाशी जहाजावरचा एक खलाशी, पांढरी दाढी, कोकणातला, दापोलीकडचा मुसलमान. माझं आडनाव कुठून तरी कळलं होतं. म्हणाला, "सायेब, तुमी आपल्या गावाकडचे. बरा केलात. वादळाचे दिवस हायत, आन् पाण्यात आमीच जातांव." एवढंच. मग वर गेला.

कलकत्त्यात कामावर मराठी ऐकायची सवय नाही. नुसती मान हलवली. आता वाटतं, नाव तरी विचारायचं.

दुपारची भरती आली. जहाज जागच्या जागी. लाहिरी माझ्याजवळून मान वळवून गेला. त्याच्या माणसाने मात्र मला ऐकू जाईल असं म्हटलं, "शाला, पुरो दाते होये गेलो." पूर्ण दाते झालं. शिवी आणि आडनाव एका वाक्यात, शेजारी शेजारी.

घरी येऊन सौ.ला सांगितलं तर तिने विचारलं, "तो खलाशी काय म्हणाला, ते परत सांगा." परत सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाली, जेवायला चला.

१९ मे, सोम.

जहाज सतराला गेलं. माझ्यावर लेखी तक्रार आली. आजपासून मी जहाजांवर नाही, फाइलींवर. माझ्या जागी सोधी, पंजाबी, तरुण, चांगला मुलगा, पण पायऱ्या दोन दोन चढतो. बादली आणि हायड्रोमीटर त्याच्या हवाली केले. म्हणाला, "ये ज़रूरी है, सर?" मी म्हटलं, रोज.

सोळा वर्षांत पहिल्यांदा दिवसभर पंख्याखाली बसलो. खिडकीतून एक मास्ट दिसतो, तोही अर्धा.

२४ मे, शनि.

आज हसून हसून पोट दुखलं, नोकरी जायच्या वाटेवर असताना.

तक्रारीच्या फाइलवर साहेबांनी लिहिलं होतं, 'एक्स्प्लनेशन टु बी सबमिटेड बाय दाते'. दात्यांनी खुलासा द्यावा. फाइल सान्यालबाबूंकडे गेली. त्यांनी सुवाच्य अक्षरात खाली नोट लिहून परत पाठवली: 'खुलासा डेटपर्यंत द्यायचा आहे, परंतु डेट दिलेली नाही. कृपया डेट कळवावी.'

साहेबांनी चिडून लिहिलं, 'दाते इज द ऑफिसर.' सान्यालबाबूंनी लिहिलं, 'ऑफिसरचं नाव समजलं. डेट अद्याप प्राप्त नाही.' अशा तीन फेऱ्या झाल्या आहेत.

मी म्हटलं, सान्यालबाबू, तुम्ही माझ्यासाठी हे का करता? ते म्हणाले, "शँडविचला तुम्ही नियमाने घालवलं. आम्हालाही नियम येतात."

३ जून, मंगळ.

साहेबांनी आत बोलावलं. रागावले नव्हते, हे जास्त वाईट. म्हणाले, "दाते, तुमचं पाणी मी तपासून घेतलं. तुमचं बरोबर आहे." मी खुर्चीतच उसळलो. ते म्हणाले, "थांबा. बरोबर आहे, पण एजन्सीला काहीतरी द्यावं लागेल. दोन ओळी खेदाच्या लिहा. 'माझ्याकडून अनावश्यक विलंब झाला' एवढंच. सोमवारपासून तुम्ही पुन्हा जहाजांवर. नाही लिहिलंत तर फाइल दिल्लीला जाईल, आणि मग माझ्या हातात काही नाही."

म्हणजे जहाज पाहिजे तर लिहून द्यायचं की दाते म्हणजे विलंब. माझ्या सहीने. लाहिरीचा अर्थ मीच कोशात घालायचा.

मुदत मागितली. मिळाली. सान्यालबाबूंची गंमत संपली, या वेळी कागदावर खरी तारीख आहे: १३ जून.

५ जून, गुरु.

वैजूचं मत: लिहून टाक, आणि जहाजावर जाऊन पुन्हा अडव. सौ.चं मत: काही नाही. ती या बाबतीत मतच देत नाही. बदली झाली तर मुलीचं मॅट्रिकचं वर्ष, हे एकदाही तोंडावर आणलं नाही. ते तिने बोललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

१२ जून, गुरु.

लिहिताना हात थांबत नाही. क्रमाने लिहितो.

सोधीला एक कागद द्यायच्या निमित्ताने डॉकवर गेलो. चोवीस दिवसांनी. सोधी वर केबिनमध्ये. धक्क्याच्या कडेला एक माणूस, पन्नाशीचा, गाझीपूरकडचा वाटला, रामधनीच्या टोळीत नवीन, मी त्याला पाहिलेलं नाही, त्याने मला नाही. दोरी गुंडाळत होता. वरून कोणीतरी ओरडलं, "दाते कहाँ है?" माझ्या तोंडून 'यहाँ' निघणारच होतं. तेवढ्यात तो माणूस ओरडला, "दाते फूटी है! चू रही है!"

आणि बादली उचलून दाखवली.

माझी बादली. स्टोअरमधली, पत्र्याची. बुडाला भोक.

मी विचारलं, इसको क्या बोलते हैं? तो म्हणाला, "दाते." बालटी नहीं? त्याने माझ्याकडे असं बघितलं की या बाबूला कामातलं काही कळत नाही. "बालटी नहाने की होती है, बाबू. ये नापने की है. ये दाते है."

क्यों बोलते हैं दाते? "नाम है. सब बोलते हैं."

किसी आदमी का नाम है क्या? तो हसला. "आदमी का नाम ऐसा होता है?"

मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. खूप आनंद झाला आणि त्यातच कोणीतरी आपल्याला पुसून टाकलंय असंही वाटलं. डेरिक आठवला. त्याला कोणी विचारतं का, की बाबा, तू कोण होतास? वर बॉयकॉट, खाली प्लिम्सॉल, आणि मी मधे, भोक पडलेला, स्त्रीलिंगी. दाते फूटी है. दाते चू रही है. माझ्या सात पिढ्यांत कोणी स्त्रीलिंगी झालं नव्हतं.

तो म्हणाला, पंजाबी साहेब रोज मागतात, आज दाते नाही म्हणून नापणं नाही. मी म्हटलं, इधर दो. घेऊन तडक खिदिरपूर बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेलो. भोकाला कथलाचा डाग लावायला थोडा वेळ लागेल म्हणाला. तिथेच स्टुलावर बसलो, भर उन्हात. ऑफिसची वेळ होती. डाग लागला, पाणी भरून बघितलं, थेंब नाही. नेऊन दिली. त्या माणसाने माझ्यादेखत दोरी बांधली आणि खोल सोडली. मी नळीवरचा आकडा बघायला थांबलो नाही. आता तो सोधीने बघायचा.

संध्याकाळी सौ. आणि वैजूला समोर बसवून सगळं सांगितलं. वैजू लोळून हसली. सौ. गंभीर. मला वाटलं, बादली म्हटल्याचं तिला लागलं. म्हटलं, तुला काय वाटतं?

ती म्हणाली, "मी लग्नात दाते झाले. कोणी विचारलं नाही, आधीचं नाव कुठे गेलं तेही कोणी विचारलं नाही. तरी काम करतच आले. तुम्ही आज झालात."

अठरा वर्षं. आणि मी यादीत फाशी देणाऱ्याचं नाव लिहीत बसलो होतो.

आत जाऊन तिने दिवा लावला, वैजू अभ्यासाला बसली. बाहेर पावसाचं भरून आलंय. सोधी म्हणाला होता, पाऊस सुरू झाला की नदी गोडी होईल, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बादली लागायची नाही. तोवर ती बादली कोणाला आठवेल, कुठल्या नावाने, आणि मी इथे असेन का, मला सांगता येत नाही.

साहेबांना उद्या सकाळी कागद द्यायचा आहे, खेदाच्या दोन ओळींचा नाहीतर नकाराचा. समोर घेऊन बसलोय. वर तारीख घातली, खाली सही केली. मधे अजून काही लिहिलेलं नाही.